ज्ञानभांडाराची किल्ली : आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराज

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रकाशित होणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर विभूतीचे चरित्र लिहून द्यावे, अशी आज्ञा संपादक मंडळाने केली. मी व्यवसायाने कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. शास्त्राभ्यासाचा अधिकार माझ्याकडे नाही. तरीही आज्ञा होताच एकच नाव मनात आले, ते आगमप्रभाकर मुनिश्री पुण्यविजयजी महाराज यांचे. हेच नाव का आले, याचे कारण सांगितल्यावाचून चरित्राला आरंभ करणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

गतवर्षी पर्युषण पर्वानंतर एक सद्गृहस्थ परगावाहून आपल्या उपाश्रयात आले होते. त्यांच्या आजोबांनी ट्रस्टच्या आरंभीच्या काळात बऱ्यापैकी रक्कम दिली होती. तीत आणखी भर घालावी, अशी त्यांची भावना होती. त्यांचा प्रश्न अगदी साधा होता. आजोबांनी ती रक्कम ज्ञानखात्यात दिली होती की साधारण खात्यात? आपणा सर्वांना ठाऊक आहे की हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. देवद्रव्य, ज्ञानद्रव्य आणि साधारण द्रव्य यांच्या मर्यादा शास्त्राने घालून दिल्या आहेत. ज्ञानखात्यातील पैसा इतरत्र वापरला गेला, तर तो दोष ठरतो. पण त्या वर्षांची पावतीपुस्तके आणि सभांच्या इतिवृत्ताच्या वह्या आपल्याकडे नव्हत्या. त्या कोठे गेल्या, हे त्या खोलीत मला एकट्यालाच ठाऊक होते. पूर्वी मी खजिनदार असताना उपाश्रयाच्या रंगकामाच्या वेळी जिन्याखालची जुनी कागदपत्रे पाच पोत्यांत भरून रद्दीत देण्यास मीच संमती दिली होती. हिशेब तपासले गेले आहेत, मग हे ओझे कशाला, असा माझा विचार होता. ते सद्गृहस्थ काही न बोलता नमस्कार करून निघून गेले. ती रक्कम कोणत्या खात्याची होती, हे आजही आपल्याला सांगता येत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत पूज्य पुण्यविजयजींचे चरित्र मी पुन्हा वाचले. पूर्वी ते एका विद्वान साधूचे चरित्र म्हणून वाचले होते. या वेळी संघाच्या ठेव्याची व्यवस्था कशी लावावी, हे शिकवणारा ग्रंथ म्हणून वाचले.

ज्ञानपंचमीचा जन्म

गुजरातमधील कपडवंज या गावी विक्रम संवत १९५२ च्या कार्तिक शुद्ध पंचमीला, म्हणजे १८९५ साली, त्यांचा जन्म झाला. संसारी नाव मणिलाल. पित्याचे नाव डाह्याभाई आणि मातेचे माणेकबहेन. कार्तिक शुद्ध पंचमी म्हणजे ज्ञानपंचमी. ज्यांचे सारे आयुष्य ज्ञानभांडारांच्या सेवेत जायचे होते, त्यांचा जन्मच त्या तिथीला व्हावा, हा योग विलक्षण म्हणावा लागेल.

ज्ञानपंचमीला आपण ग्रंथ मांडून वासक्षेपाने पूजा करतो. या पर्वामागील व्यवहारदृष्टी पुण्यविजयजींनी पुढे आपल्या लेखनातून उलगडून दाखवली. पावसाळ्यात भांडारांत दमट हवा शिरते, पोथ्यांना ओल लागते आणि कसर होते. पावसाळा सरल्यावर कोवळे ऊन पडू लागले की भांडारे उघडावीत, पोथ्यांना हवा द्यावी, धूळ झाडावी, जुनी बंधने बदलावीत, हे काम वर्षातून एकदा निश्चितपणे व्हावे, म्हणून पूर्वाचार्यांनी त्याला धर्मतिथीची जोड दिली. कालांतराने पूजा राहिली आणि झाडलोट विसरली गेली.

मणिलाल तान्हे असताना कपडवंजमध्ये त्यांच्या मोहल्ल्यात मोठी आग लागली. वडील व्यवसायानिमित्त मुंबईत होते आणि आई नदीवर धुणे धुण्यास गेली होती. जळत्या घरातून बाळाचे रडणे ऐकून एका बोहरी गृहस्थाने जिवाची पर्वा न करता आत शिरून त्याला बाहेर काढले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. एका मुसलमान बांधवाच्या धाडसाने वाचलेल्या या जीवाने पुढे सहस्रावधी ग्रंथांना आग, वाळवी आणि विस्मृती यांच्या मुखातून वाचवले.

आगीनंतर कुटुंब मुंबईस आले आणि मणिलाल यांचे प्राथमिक शिक्षण तेथे झाले. पुढे पितृछत्र हरपले. माणेकबहेन वैराग्यवृत्तीच्या होत्या. संसार सोडून संयममार्ग स्वीकारावा, ही त्यांची तळमळ. पण पुत्राचे काय, हा प्रश्न होता. त्यांनी पुत्रालाही त्याच मार्गावर नेले. संवत १९६५ मध्ये, म्हणजे १९०९ साली, बडोद्याजवळील छाणी येथे वयाच्या तेराव्या वर्षी मणिलाल यांची दीक्षा झाली आणि ते मुनी पुण्यविजय झाले. लगोलग मातेनेही दीक्षा घेतली. त्या साध्वी रत्नश्रीजी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या.

गुरूंची शाळा

पुण्यविजयजींचे गुरू मुनिश्री चतुरविजयजी आणि दादागुरू प्रवर्तक कांतिविजयजी. आत्मारामजी महाराज, म्हणजेच आचार्य विजयानंदसूरी, यांच्या परंपरेतील हे दोघेही साधू ग्रंथरक्षणाचे व्रत घेतल्यासारखे जगले. चतुरविजयजींनी संपादित केलेली लिंबडी येथील ज्ञानभांडाराची सूची १९२८ मध्ये प्रसिद्ध झाली. बालमुनींना शाळा-महाविद्यालयाचे शिक्षण नव्हते, पदवी नव्हती. गुरूंच्या पायाशी बसून, पंडित सुखलालजींसारख्या प्रज्ञाचक्षू विद्वानाकडे अध्ययन करून आणि रात्रंदिवस पोथ्या हाताळून त्यांनी संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश आणि जुनी गुजराती या भाषांवर प्रभुत्व मिळवले. लिपी पाहून, अक्षराचे वळण पाहून, शाई आणि पानाचा पोत पाहून पोथी कोणत्या शतकातील आहे, हे ते सांगू शकत. आम्हा कापडवाल्यांना हे नवल वाटू नये. हात फिरवताच सूत किती काउंटचे आहे, हे जाणकाराला कळतेच. पण ती जाण येण्यासाठी हजारो ठाणे हातांखालून जावी लागतात.

गुरू-शिष्यांनी मिळून बृहत्कल्पसूत्र या छेदसूत्राचे भाष्य व वृत्तीसह सहा भागांत संपादन केले. १९३३ ते १९४२ या काळात ते ग्रंथ प्रसिद्ध झाले. जैन श्रमण संस्कृती आणि लेखनकला या विषयावरील त्यांचा दीर्घ निबंध तर ताडपत्र, कागद, लेखणी, शाई, लहिया म्हणजे पोथी नकलून देणारा लेखक, पोथीचे बंधन, पाट्या आणि दोरी या सर्वांविषयीचा एक कोशच आहे.

भांडार म्हणजे काय?

हे कार्य किती मोठे होते, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. श्वेतांबर परंपरेनुसार भगवान महावीरांची वाणी अनेक शतके मुखपाठानेच जपली गेली. दुष्काळ पडले, श्रुतधर मुनी काळाच्या पडद्याआड गेले आणि पाठ विसरले जाऊ लागले. तेव्हा वीर निर्वाण संवत ९८० (दुसऱ्या वाचनेनुसार ९९३) मध्ये वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. अपरिग्रही साधूंनी पोथी बाळगावी की नाही, हा प्रश्न त्या काळी किरकोळ नव्हता. पण श्रुत नष्ट होण्यापेक्षा पोथी बाळगणे बरे, असा निर्णय संघाने घेतला. त्या निर्णयातूनच पुढे पाटण, खंभात, जेसलमेर, अहमदाबाद, लिंबडी अशी ज्ञानभांडारे उभी राहिली. राजा कुमारपाल, मंत्री वस्तुपाल यांच्यापासून सामान्य श्राविकेपर्यंत अनेकांनी द्रव्य खर्चून ग्रंथ लिहवून घेतले.

प्रत्येक पोथीच्या अखेरीस बहुधा काही ओळी असतात. त्यांना पुष्पिका किंवा प्रशस्ती म्हणतात. हा ग्रंथ कोणत्या संवतात, कोणत्या गावी, कोणाच्या राज्यात, कोणाच्या उपदेशाने, कोणाच्या द्रव्याने, कोणाच्या पुण्यार्थ लिहिला गेला, याची ती नोंद असते. विधवा मातेने दिवंगत पुत्राच्या श्रेयासाठी लिहवलेली पोथी असो किंवा मंत्र्याने लिहवलेला आगम असो, नोंदीची रीत तीच. पुण्यविजयजींनी सूची करताना ग्रंथाचे नाव लिहून काम संपवले नाही. कर्ता, भाषा, पानांची संख्या, लांबी-रुंदी, रचनाकाळ, लेखनकाळ, पोथीची स्थिती आणि शेवटची पुष्पिकाही त्यांनी टिपली. पोथी कोणाकडून आली आणि कोणासाठी लिहिली गेली, हे तिच्यापासून तोडले, तर ग्रंथ उरतो पण संघाचा इतिहास हरवतो, याची त्यांना जाणीव होती. आमच्या पावतीपुस्तकांचेही नेमके हेच झाले. रक्कम उरली, देणाऱ्याची भावना हरवली.

पाटणची व्यवस्था

पाटण ही सिद्धराज आणि कुमारपाल यांची राजधानी, कलिकालसर्वज्ञ हेमचंद्राचार्यांची कर्मभूमी. तेथे अनेक पाड्यांत, म्हणजे मोहल्ल्यांत, वेगवेगळी भांडारे होती. पुण्यविजयजींनी गुरुजनांसह तेथे वर्षानुवर्षे वास्तव्य करून ही भांडारे तपासली. अनेक भांडारे एका सुरक्षित वास्तूत आणावीत, हा विचार पुढे आला. हा विचार सांगायला सोपा, पण प्रत्येक पाड्याला आपले भांडार म्हणजे आपली अब्रू वाटत असे. साधूंचा उपदेश, श्रेष्ठींचे दान आणि संघाचा विश्वास यांतून श्री हेमचंद्राचार्य जैन ज्ञानमंदिर उभे राहिले. १९३९ मध्ये मुंबई प्रांताचे तत्कालीन गृहमंत्री कन्हैयालाल मुन्शी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भांडारे एकत्र आणण्यासाठी पुण्यविजयजींनी सत्ता वापरली नाही, ती त्यांच्याकडे नव्हतीच. ज्याची पोथी त्याला ती केव्हाही दाखवता येईल अशी चोख नोंद, हेच त्यांचे बळ होते.

जेसलमेरचे भुयार

त्यांच्या जीवनातील सर्वांत मोठा अध्याय जेसलमेरचा. थरच्या वाळवंटातील त्या किल्ल्यात पंधराव्या शतकात आचार्य जिनभद्रसूरींनी ज्ञानभांडार स्थापन केले. संभवनाथ जिनालयाच्या खाली भुयारात ते ठेवले गेले. परचक्राचे भय, लुटालूट आणि आग यांपासून ग्रंथ वाचावेत, ही त्यामागील दूरदृष्टी. कोरडी हवा आणि भुयाराचा अंधार यांनी ताडपत्रांना शतकानुशतके जपले. विशेषावश्यक भाष्याची सुमारे दहाव्या शतकातील ताडपत्र पोथी तेथे टिकली, ती यामुळेच.

परंतु कुलूप नेहमीच रक्षण करते असे नाही. १८७४ मध्ये जर्मन विद्वान ब्यूलर आणि याकोबी जेसलमेरला गेले. पुढे बडोदा संस्थानातर्फे चिमणलाल दलाल यांनी १९१६ मध्ये तेथे पाहणी केली आणि त्यावर आधारित सूची १९२३ मध्ये निघाली. १९४२-४३ मध्ये मुनी जिनविजयजींनी तेथे राहून अनेक ग्रंथांच्या नकला करवून घेतल्या. या सर्वांचे कष्ट मोठे होते. तरी भांडाराची आतून समूळ व्यवस्था लागायची राहिली होती. ताडपत्राची दोरी तुटली की पाने सुटी होतात, एका ग्रंथाची पाने दुसऱ्यात मिसळतात आणि मग दोन्ही ग्रंथ असूनही नसल्यासारखे होतात. आमच्या दुकानात ठाणावरची चिठ्ठी निघाली, तर माल फडताळात असूनही गिऱ्हाइकाला नाही म्हणावे लागते. तसेच हे.

१९५० मध्ये पुण्यविजयजी जेसलमेरला पोहोचले. साधूला वाहन वर्ज्य. अहमदाबादेहून वाळवंटापर्यंतचा सारा विहार पायी. वय पंचावन्नच्या घरात. तेथे त्यांनी सुमारे दीड वर्ष मुक्काम केला. जैन श्वेतांबर कॉन्फरन्सने साहाय्य केले, लहिये आणि पंडित सोबत होते. त्यांनी एकेक पोथी उघडली. सुटी पाने अक्षरवळणावरून, मापावरून, छिद्राच्या जागेवरून आणि विषयावरून जुळवली. प्रत्येक पोथीला क्रमांक दिला. ताडपत्रांच्या मापाचे अॅल्युमिनियमचे डबे करवून घेतले. लाकडाला वाळवी लागते आणि लोखंड गंजते, तो धोका टळला. निवडक महत्त्वाच्या पोथ्यांचे मायक्रोफिल्म करवून घेतले.

या शेवटच्या गोष्टीचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. एकच प्रत, एकाच जागी, एकाच कुलपात असणे म्हणजे एका ठिणगीवर सारे सोपवणे. दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणी असेल, तर मूळ पोथी हाताळावी लागत नाही, अभ्यासक वंचित राहत नाही आणि अनर्थ झाला तरी श्रुत उरते. सर्वच पोथ्यांची फिल्म झाली नाही, निवड करावी लागली. निवड करणे हेही ज्ञानसेवेचे अंग आहे. काय आधी वाचवायचे, हे ठरवण्यासाठी आपल्याकडे काय आहे, हे आधी ठाऊक असावे लागते.

जेसलमेरच्या संग्रहाची त्यांनी केलेली नवी सूची त्यांच्या देहावसानानंतर १९७२ मध्ये अहमदाबादेहून प्रसिद्ध झाली. खंभातच्या शांतिनाथ भांडारातील ताडपत्रांची सूची १९६१ आणि १९६६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत दोन भागांत निघाली होती.

मराठीवरील ऋण

या भांडारांचे आपणा मराठीभाषकांवर एक ऋण आहे, त्याचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. आचार्य उद्योतनसूरींनी शके ७०० च्या अखेरीस, म्हणजे इ.स. ७७९ मध्ये, जालोर येथे कुवलयमाला ही प्राकृत धर्मकथा रचली. तीत बाजारपेठेत जमलेल्या निरनिराळ्या देशांच्या लोकांचे वर्णन आहे, आणि त्यांत मरहट्ट म्हणजे मराठी लोक व त्यांची बोलीही येते. मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार करणारे अभ्यासक या ग्रंथाकडे आवर्जून वळतात. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राध्यापक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी १९५९ मध्ये या ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती काढली, ती दोन हस्तलिखितांच्या आधारे. एक जेसलमेरचे ताडपत्र आणि दुसरी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील कागदी पोथी. ज्या अनाम श्रावकाने ती ताडपत्रे लिहवली, त्याच्या मनात केवळ धर्मकथा होती. शेकडो वर्षांनी ती मराठी भाषेची साक्ष म्हणून उभी राहील, हे त्याला कसे कळावे? पुढच्या पिढ्यांना कशाची गरज पडेल, हे आजच्या पिढीला सांगता येत नाही. म्हणून जपताना आपली आजची गरज एवढेच माप लावू नये.

दिगंबर परंपरेतही हाच धडा मिळतो. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके केवळ दर्शनासाठी उरली होती. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद यांच्यासारख्यांच्या प्रयत्नांनी त्यांच्या नकलांचे काम सुरू झाले आणि १९३९ पासून डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून तो ग्रंथराज छापून बाहेर पडू लागला. दर्शनाने पुण्य लाभले असेल, पण ज्ञान लाभले ते नकलेमुळे.

आपले म्हणून काहीच ठेवले नाही

पुण्यविजयजींनी आयुष्यभर विहार करताना हस्तलिखितांचा मोठा संग्रह जमवला होता. त्यांची संख्या सुमारे दहा हजारांवर गेली. अहमदाबादचे उद्योगपती शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या साहाय्याने १९५७ च्या सुमारास लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिर स्थापन झाले. पंडित दलसुखभाई मालवणिया त्याचे पहिले संचालक झाले, आणि त्याची वास्तू पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी रचली. पुण्यविजयजींनी आपला सारा संग्रह या संस्थेस अर्पण केला. आपल्या शिष्यपरंपरेसाठी, आपल्या नावाच्या मंदिरासाठी त्यांनी तो राखला नाही. साधूचे आयुष्य मर्यादित, शिष्याची रुची अनिश्चित; पण नियमाने चालणारी संस्था, तिचा ग्रंथपाल आणि तिची सूची पिढ्यान्पिढ्या टिकू शकते, हा त्यांचा विचार होता. अपरिग्रह महाव्रताचे इतके व्यावहारिक आचरण क्वचितच पाहायला मिळते.

त्यांच्याकडे कोणीही अभ्यासक यावा, देशी असो वा परदेशी, जैन असो वा जैनेतर, श्वेतांबर असो वा दिगंबर, त्याला हवी ती पोथी मिळत असे. स्वतः कष्टाने तयार केलेली नक्कलही ते दुसऱ्या संपादकाला निःसंकोच देत. १९५३ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या प्रोत्साहनाने प्राकृत ग्रंथ परिषद स्थापन झाली. तिचा पहिला ग्रंथ, अंगविज्जा, १९५७ मध्ये पुण्यविजयजींच्याच संपादनाखाली निघाला. मुंबईच्या श्री महावीर जैन विद्यालयाने आगम ग्रंथमाला सुरू केली. तिचा नंदीसूत्र व अनुयोगद्वार यांचा पहिला ग्रंथ १९६८ मध्ये आला. पं. मालवणिया आणि पं. अमृतलाल भोजक हे त्यांचे सहसंपादक होते. अनेक भांडारांतील प्रती शेजारी शेजारी ठेवून शुद्ध पाठ ठरवणे शक्य झाले, ते आधी सूची झाल्या होत्या म्हणून.

संघाने त्यांना आगमप्रभाकर ही पदवी दिली. आचार्यपदासाठी आग्रह झाला, तो मात्र त्यांनी नम्रपणे नाकारला. १९७० मध्ये अमेरिकन ओरिएंटल सोसायटीने त्यांना मानद सदस्यत्व दिले. ज्यांनी कधी वाहनात पाऊल ठेवले नाही, त्यांची कीर्ती सातासमुद्रापार पोहोचली होती. अखेरची वर्षे त्यांचे वास्तव्य मुंबईत होते. १४ जून १९७१ रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला. आगम ग्रंथमालेचे कार्य पुढे मुनिश्री जंबूविजयजी महाराजांनी चालवले.

आपल्या उपाश्रयापुरते

एवढ्या मोठ्या चरित्रावरून आपल्या छोट्या ट्रस्टकडे येताना संकोच वाटतो. आपल्याकडे ताडपत्रे नाहीत. पण आपल्याकडे पन्नास वर्षांच्या आयुष्याची दप्तरे आहेत. ट्रस्टचे नोंदणीपत्र, धर्मादाय कार्यालयातील फेरफार अहवाल, जागेचे खरेदीखत, बांधकामाचे नकाशे, सभांची इतिवृत्ते, प्रतिष्ठा महोत्सवातील बोल्यांच्या याद्या, चातुर्मासाच्या पत्रिका, तपस्वींच्या नोंदी आणि छायाचित्रे. शंभर वर्षांनी आपली पतवंडे विचारतील की हे मंदिर कोणी, कशासाठी, कोणत्या भावनेने उभारले, तेव्हा उत्तर देणार आहेत ते हे कागद. आपण कोणीही तेव्हा असणार नाही.

मराठीत एखादी गोष्ट बासनात गुंडाळली, असे आपण म्हणतो, ते ती विसरली गेली या अर्थाने. पेशवे दप्तरातील कागदही रुमालांत बांधलेले असत, पण प्रत्येक रुमालाचा हिशेब होता. बासन वाईट नसते. आत काय आहे, हे बाहेर लिहिलेले नसणे वाईट.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे मी काही सूचना मांडल्या आहेत. मंडळाने त्या मान्य केल्या, याबद्दल मी ऋणी आहे. पहिली, काय कायमचे ठेवायचे आणि काय ठरावीक मुदतीनंतर काढून टाकता येईल, याची यादी सभेत मंजूर करायची. विजेचे प्रत्येक बिल जपण्याची गरज नाही. पण काढून टाकण्याचा निर्णय एकट्या खजिनदाराने घ्यायचा नाही आणि काय काढले याचीही नोंद ठेवायची. दुसरी, प्रत्येक वही व फाइलला क्रमांक देऊन एक सूची करायची आणि तिच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवायच्या. तिसरी, कायमच्या कागदांची दुसरी प्रत काढायची. संगणकावर प्रत ठेवली तरी तेवढ्यावर विसंबायचे नाही. काही वर्षांपूर्वी महोत्सवाच्या चित्रीकरणाची जी सीडी आपण मोठ्या हौसेने केली, ती आज उघडत नाही. चौथी, दप्तराची जबाबदारी एका व्यक्तीवर नावानिशी सोपवायची आणि पद बदलताना सूचीप्रमाणे मोजून ताबा द्यायचा, जसा आम्ही दुकानात मालाचा देतो. पाचवी, दरवर्षी ज्ञानपंचमीला पूजेच्या आधी कपाट उघडायचे, कागदांना हवा द्यायची आणि सूचीशी पडताळणी करायची. त्या दिवशी कोणाही सभासदाला जुन्या नोंदी पाहता येतील. वेष्टणासाठी लागणारे मांजरपाट कापड पुरवण्याची संधी संघाने मला द्यावी, एवढी विनंती आहे.

आता सर्व वाचकांना एक प्रार्थना. आपल्या घरी, जुन्या ट्रंकेत, देव्हाऱ्याच्या खणात, आजोबांच्या चोपड्यांत ट्रस्टच्या आरंभीच्या काळातील एखादी पावती, पत्रिका, पत्र किंवा छायाचित्र असेल, तर त्याची झेरॉक्स प्रत कार्यालयात द्यावी. मूळ कागद आपल्याकडेच राहू द्या. माझ्या हातून गेलेल्या पाच पोत्यांपैकी जे थोडे परत जुळवता येईल, ते याच मार्गाने. जेसलमेरच्या भुयारात सुटी झालेली पाने एकेक करून जुळली. आपल्या संघाची सुटी पानेही घराघरांतून जुळू शकतात. आणि त्या परगावच्या सद्गृहस्थांच्या आजोबांची पावती त्यांतून कधी सापडली, तर त्यांना स्वतः जाऊन उत्तर देण्याची माझी इच्छा आहे.

पूज्य पुण्यविजयजी महाराजांच्या चरणी कोटी कोटी वंदना. या लेखात जिनाज्ञेविरुद्ध काही लिहिले गेले असल्यास, तसेच खजिनदार या नात्याने माझ्याकडून झालेल्या प्रमादाबद्दल, सकल संघास त्रिविधे मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.